चित्राला जागा आहे, माहितीला नाही

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जावे, गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात किंवा पूर्णेच्या काठी. किराणा दुकानाच्या फळीवर प्लॅस्टिकच्या बरण्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांत रुपयाला एक मिळणाऱ्या गोळ्या, चिंगम आणि लालपिवळ्या वड्या असतात. दुकानदाराजवळ सुटे पैसे नसले म्हणजे तो ग्राहकाच्या हातावर त्यांतलीच एखादी गोळी ठेवतो. शाळेत निघालेले मूल मात्र त्या बरण्यांसमोर उभे राहून निवड करते. निवडताना ते चव पाहू शकत नाही. ते रंग पाहते, चित्र पाहते आणि बोट दाखविते.

हे चित्र पूर्वी गोळीच्या कागदावर असे. नंतर ते कागदाच्या आत गेले. १९८०च्या दशकात चिंगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची छायाचित्रे निघत आणि ती जमविण्यासाठी मुले चिंगम विकत घेत. आता चित्र थेट खाद्यपदार्थावरच येऊन बसले आहे. गोळीवर, चिंगमच्या कवचावर, चॉकलेटवर खाण्याच्या शाईने चित्रे छापता येतात. तालुक्याच्या गावी केकच्या दुकानात वाढदिवसाच्या मुलाचे छायाचित्र केकवर छापून मिळते आणि आईबाप हौसेने आपल्याच लेकराचा चेहरा सुरीने कापतात.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. दुष्काळ, कापसाचा भाव, ऊसतोडीची मजुरी असे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना रुपयाच्या गोळीवरील चित्राची चर्चा कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याला उत्तर एवढेच की, बाजार ज्या वस्तूला क्षुल्लक म्हणतो, तिच्याच आडून तो सर्वांत दुबळ्या ग्राहकापर्यंत पोहोचत असतो. या गोळीचा ग्राहक सहा वर्षांचा असतो. त्याला नीट वाचता येत नाही, तक्रार करता येत नाही आणि मतही देता येत नाही. अशा ग्राहकाशी बाजार आणि राज्यसंस्था कसे वागतात, यावरून दोघांचीही परीक्षा होते.

साच्यातले चित्र

गोडावर चित्र उमटविण्याची हौस नवी नाही. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मराठवाड्याच्या बाजारांत साखरेच्या गाठी दिसू लागतात. साखरेचा घट्ट पाक लाकडी साच्यात ओततात, त्यात दोरा घालतात आणि पाक थिजला की पदकांची माळ बाहेर निघते. साच्यात कोरलेली नक्षी साखरेवर उमटलेली असते. ही माळ गुढीवर चढते, लहान मुलांच्या गळ्यात पडते आणि दोन-चार दिवसांत त्यांच्या पोटात जाते. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडलेली कुटुंबे ज्या दिवसांत परत गावाकडे येऊ लागतात, तेच हे दिवस. ज्यांच्या कोयत्याने ऊस तुटला, त्यांच्या मुलांच्या गळ्यात त्या उसाची साखर वर्षातून एकदा तरी माळ होऊन येते.

त्या चित्राचा कर्ता माहीत असे. साचा सुताराचा, पाक हलवायाचा आणि भट्टी बाजारपेठेतलीच. गाठीतही कधी गुलाबी रंग असे, कधी पिवळा. आणि हलवाई म्हणजे कोणी संत नव्हे. परंतु गाठीत काय घातले आहे हे विचारायचे झाले, तर कोणाला विचारावे हा प्रश्न पडत नसे. करणारा आणि खाणारा यांच्यामध्ये दोन शब्दांचे अंतर होते. नव्या चित्राने हे अंतर हजारो मैलांचे करून टाकले आहे.

शाईतले चित्र

हे नवे चित्र उमटते कसे, ते समजून घेतले पाहिजे. एका पद्धतीत धातूच्या पट्टीवर चित्र कोरतात, त्या खाचांत शाई भरतात, रबरासारख्या मऊ गादीने ती उचलतात आणि गोळीच्या गोलाईवर टेकवितात. दुसऱ्या पद्धतीत कोरीव रुळावरून शाई गोळीवर उतरते. तिसऱ्या पद्धतीत संगणकाच्या छपाईयंत्राप्रमाणे शाईचे अतिसूक्ष्म थेंब फवारले जातात. शाई म्हणजे पाणी, ग्लिसरिन किंवा मद्यार्क यांत मिसळलेला खाद्यरंग. गादीने छापायच्या शाईत ती धरून राहावी म्हणून लाखही घालतात. केकवरचे छायाचित्र बहुधा पिठुळ द्रव्याच्या किंवा साखरेच्या पातळ पापुद्र्यावर छापून वर चिकटविलेले असते.

चिंगम मऊ आणि चिवट असल्यामुळे त्याच्यावर सुबक चित्र सहजासहजी बसत नाही. म्हणून त्याच्या तुकड्यांना फिरत्या पातेल्यात पाकाचे थरावर थर देऊन कडक कवच चढवितात. चित्र उठून दिसावे म्हणून कवच पांढरेशुभ्र लागते आणि त्या पांढरेपणासाठी पुष्कळदा टायटॅनियम डायऑक्साइड नावाचे रंगद्रव्य वापरले गेले आहे. कवचाच्या आतला गाभाही पूर्वीचा राहिलेला नाही. एके काळी तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतील चिकूच्या झाडाच्या चिकापासून बनत असे. आज बहुतेक चिंगमचा गाभा खनिज तेलापासून तयार होणाऱ्या रबरासारख्या द्रव्यांचा असतो. फुग्याचे चिंगम गुलाबी का, याचेही कारण मजेदार आहे. १९२८ साली फिलाडेल्फियातील फ्लीअर कंपनीत वॉल्टर डीमर यांनी ते तयार केले, तेव्हा हाताशी तेवढाच रंग होता.

योगायोगाने आलेला तो रंग पुढे व्यापाराची खूण बनला. अमेरिकेतील ‘एम अँड एम्स’ या गोळ्यांवर १९५०पासून काळ्या शाईत ‘एम’ हे अक्षर छापले जाऊ लागले आणि १९५४पासून ते पांढरे झाले. गोळी तोंडात टाकण्याच्या क्षणापर्यंत कंपनीचे नाव डोळ्यांसमोर राहावे, हा त्यामागचा हिशेब. २००८ साली याच गोळ्यांच्या मालक असलेल्या मार्स कंपनीने रिग्ली ही चिंगमची कंपनी सुमारे २३ अब्ज डॉलरना विकत घेतली. मुलांच्या एका रुपयाचा, एका सेंटचा व्यापार किती मोठा आहे, हे त्या आकड्यावरून कळावे.

महाराष्ट्राचे उदाहरणही बोलके आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना उभारला आणि पुढे तेथे गोळ्या बनू लागल्या. ‘रावळगाव’ची गोळी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या तोंडात विरघळली. तोही भांडवलदाराचाच कारखाना होता, त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. परंतु फेब्रुवारी २०२४मध्ये त्या गोळ्यांच्या व्यापारचिन्हांचे आणि कृतींचे हक्क २७ कोटी रुपयांना रिलायन्स समूहाच्या कंपनीकडे गेले. लहान मासा मोठ्याच्या पोटात गेला. गोळी बनविण्याचे ज्ञान, तिचे नाव आणि तिचे चित्र ही तिन्ही मूठभर घराण्यांच्या हाती एकवटत आहेत.

शंभर चौरस सेंटिमीटर

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. गोळीएवढ्या जागेत चित्र छापण्याइतके तंत्र पुढे गेले आहे. मग त्या गोळीत काय आहे, हे छापण्याला जागा का मिळत नाही?

ती मिळत नाही, कारण कायद्यानेच सूट दिलेली आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि २०११पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १९५४चा अन्न भेसळ प्रतिबंध कायदा त्याने मागे टाकला. या कायद्याखालील वेष्टनविषयक नियमांप्रमाणे ज्या वेष्टनाचा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्यावर घटकांची यादी देण्याचे बंधन नाही. शंभर चौरस सेंटिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद असा कागदाचा तुकडा. रुपयाच्या गोळीचा कागद त्याच्या निम्माही नसतो. घटकांची माहिती घाऊक वेष्टनावर द्यावी, असे नियम सांगतो. २०२०च्या नव्या नियमांतही ही सवलत कायम राहिली.

कागदावर हे वाजवी वाटते. व्यवहारात काय घडते? घाऊक पिशवी तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे किंवा खेड्यातल्या दुकानात फुटते, गोळ्या जुन्या बरणीत ओतल्या जातात आणि पिशवी उकिरड्यावर जाते. जी माहिती ग्राहकासाठी छापली, ती ग्राहकाखेरीज सर्वांच्या हातून जाते. ती हाती लागली तरी वाचता येईलच असे नाही. वेष्टनावरील माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी, एवढेच नियमाचे बंधन आहे. राज्याची भाषा ऐच्छिक आहे. सोनपेठच्या आईने आपल्या मुलाच्या तोंडातील गोळीचे घटक जाणून घ्यायचे, तर तिने आधी उकिरडा धुंडाळावा आणि मग इंग्रजी शिकावे!

माहितीचा हा आग्रह केवळ तत्त्वासाठी नाही. भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे. त्यांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोयझीन आणि पोन्सो ४ आर हे चार रंग असे आहेत की, युरोपीय संघात जुलै २०१०पासून ते असलेल्या पदार्थांवर मुलांच्या वागणुकीवर व एकाग्रतेवर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. २००७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात झालेल्या संशोधनानंतर हा नियम आला. टायटॅनियम डायऑक्साइडला युरोपीय संघाने २०२२ साली खाद्यपदार्थांतून हद्दपार केले. भारताच्या २०११च्या नियमांनी चिंगममध्ये ते एक टक्क्यापर्यंत चालेल, असे म्हटले होते. एरिथ्रोसीन हा लालगुलाबी रंग आठांच्या यादीत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५मध्ये त्याची परवानगी रद्द केली. उंदरांमध्ये आढळलेला कर्करोग हे त्याचे कारण होते. माणसांत तसा पुरावा नाही, हेही त्या प्रशासनाने स्पष्ट केले आहे.

यावरून घबराट पसरविणे चूक ठरेल. परवानगी असलेला रंग मर्यादेत असेल, तर एका गोळीने कोणाचे मूल आजारी पडत नाही. पण मर्यादा कोणती आणि ती मोजणार कोण, हे पाहिले पाहिजे. कृत्रिम रंगाची सर्वसाधारण कमाल मर्यादा किलोमागे शंभर मिलिग्रॅम आहे. तीन ग्रॅमची गोळी धरली, तर तिच्यात जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम रंग येईल. एरिथ्रोसीनसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम ही सीमा सांगितली आहे. चार वर्षांचे, पंधरा किलो वजनाचे मूल घेतले, तर त्याची दिवसाची सीमा दीड मिलिग्रॅम होते. म्हणजे कायद्याच्या मर्यादेत राहूनही, या रंगाच्या पाच गोळ्यांत ती गाठली जाते. घरात धान्य थोडे आणि मुलाचे वजन कमी असेल, तर ती त्याहून लवकर गाठली जाते. कुपोषणाचा भार असलेल्या मुलखात या हिशेबाला वेगळे महत्त्व आहे. हा हिशेब आईने करायचा, तर गोळीत कोणता रंग आहे हे तिला कळले पाहिजे. आज ते कळण्याची सोय नाही.

फेरीवाल्यावर काठी, रंगाच्या व्यापाऱ्याला मोकळीक

सरकारला या विषयाची जाग येते, ती कशी, हेही पाहण्यासारखे आहे. साखरेच्या गुलाबी कापसात, म्हणजे जत्रेतल्या ‘बुढ्ढी के बाल’मध्ये, ऱ्होडामाइन-बी हा कापड आणि कागद रंगविण्याचा रंग सापडला म्हणून फेब्रुवारी २०२४मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडू सरकारांनी बंदी जाहीर केली. मार्च २०२४मध्ये कर्नाटकानेही कृत्रिम रंगाच्या साखरेच्या कापसाविरुद्ध पाऊल उचलले. ऱ्होडामाइन-बी अन्नात घालणे हा गुन्हाच आहे आणि कारवाई रास्तच होती. परंतु काठी बसली ती खांद्यावर बांबू घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यावर. तो रंग त्याने बनविला नव्हता. बाजारात सुट्या पुडीत मिळाला, स्वस्त होता आणि चटक गुलाबी होता, म्हणून त्याने घेतला. पुडी विकणारा व्यापारी आणि रंग बनविणारा कारखाना बहुधा पडद्याआडच राहतात.

परभणीत फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. सर्व जातिधर्मांची माणसे तेथे येतात, मुलांसाठी गोड घेतात. तेथे गोड विकणारा माणूस बहुधा भूमिहीन, बहुधा परगावचा आणि नेहमीच कर्जात असतो. त्याच्या हातातील माल जप्त करून अन्नशुद्धी होणार नाही. त्याला शुद्ध रंगाची लहान, स्वस्त, मराठी चिठ्ठीची पुडी मिळाली पाहिजे. एकीकडे मोठ्या कंपनीला लहान कागदाची सवलत आणि दुसरीकडे लहान विक्रेत्याला मोठी शिक्षा, अशा वाटणीला न्याय म्हणता येत नाही.

काही मित्र म्हणतील, मुलांच्या एवढ्याशा आनंदावर कशाला उठता? तर आनंदाला विरोध कोणाचाच नाही. गरिबाच्या मुलालाही रंगीत गोळी हवी, चित्राचा केक हवा. समाजवाद म्हणजे बेरंग गोळ्यांचे वाटप नव्हे. तक्रार आहे ती एकाच गोष्टीची: मुलाला भुलविणारे चित्र छापताना कारखानदाराला जागा, यंत्र आणि खर्च यांची अडचण येत नाही, त्याच मुलाच्या आईला माहिती देताना मात्र तिन्ही अडचणी एकदम उभ्या राहतात.

दुसरे काही जण म्हणतील की, शाळेच्या आवारात व फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत जादा साखरेचे, जादा चरबीचे, जादा मिठाचे पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली झालाच आहे. झाला आहे खरा. परंतु ज्या गावात शाळा, दुकान आणि पार हे सारे एकाच चौकात आहेत, तेथे पन्नास मीटर मोजणार कोण? दुकानदाराला पर्याय न देता आणि पालकांना माहिती न देता केलेला नियम फायलीतच वृद्ध होतो.

परभणीत काय करता येईल

या कामासाठी परभणीइतकी सोयीची जागा थोड्याच जिल्ह्यांत असेल. १८ मे १९७२ रोजी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. त्याच विद्यापीठात १९७६पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. अन्न कसे टिकते, रंग कसा बसतो, भेसळ कशी ओळखावी, हे शिकविणारी संस्था जनतेच्या पैशावर जिल्ह्याच्या ठिकाणीच उभी आहे. बीट, हळद यांपासून रंग काढण्याची विद्या अन्नशास्त्राला अवगत आहे. हे रंग उन्हाने फिके पडतात, उष्णतेने बदलतात, महागही पडतात. या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्या सोडविणे हेच सार्वजनिक संशोधनाचे काम आहे. गाठी करणारे हलवाई, महिला बचत गट आणि जत्रेतले विक्रेते यांच्यासाठी विद्यापीठाने वर्षातून दोनदा जरी साधे प्रशिक्षण ठेवले, तरी पुष्कळ साधेल.

कायद्यातही एक हत्यार पडून आहे. २००६च्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणत्याही ग्राहकाला खरेदी केलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगावे लागते, शुल्क भरावे लागते आणि पदार्थ कायद्याविरुद्ध निघाला तर शुल्क परत मिळते. एकट्या मजुराला हे परवडणार नाही. पण प्रत्येक तालुक्यातील शाखेने वर्गणी काढून पाडव्याच्या व उरुसाच्या आधी चार-पाच नमुने तपासून घेतले आणि निकाल गावच्या पारावर वाचून दाखविले, तर अन्न व औषध प्रशासनालाही हालचाल करावी लागेल. हे करताना रोख फेरीवाल्यावर न ठेवता त्याला रंग पुरविणाऱ्यावर ठेवावा. फेरीवाल्याला तर या मोहिमेत सोबतच घ्यावे.

याच्या जोडीला तीन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, मुलांच्या गोळ्या व चिंगम यांना शंभर चौरस सेंटिमीटरची सवलत असू नये. निदान ज्या बरणीतून त्या विकल्या जातात, तिच्यावर घटकांची आणि रंगांची चिठ्ठी मराठीत लावणे बंधनकारक करावे आणि ती चिठ्ठी पुरविण्याची जबाबदारी दुकानदारावर न टाकता उत्पादकावर टाकावी. दुसरी, जे चार रंग युरोपातील मुलांसाठी इशाऱ्यासह विकले जातात, ते परभणीच्या मुलांसाठी इशाऱ्याविना विकले जाऊ नयेत. तिसरी, तपासलेल्या नमुन्यांचे निकाल जिल्हावार आणि उत्पादकांच्या नावांसह जाहीर व्हावेत.

या मागण्यांनी कोणाचे सिंहासन डळमळणार नाही, हे खरे. परंतु लोकशाही मोठमोठ्या सभांइतकीच दुकानाच्या फळीवरही जगत असते. जायकवाडीच्या पाण्यावर ऊस वाढतो, मजुराच्या कोयत्याने तो तुटतो, कारखान्यात त्याची साखर होते, ती साखर दूरच्या यंत्रात जाऊन रंग आणि चित्र लेवून परत येते आणि त्याच मजुराच्या मुलाकडून एक रुपया वसूल करते. या लांब प्रवासात प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी आपले नाव त्या साखरेवर छापून घेतले आहे. शेवटी ती ज्याच्या जिभेवर ठेवली जाते, त्याला तिच्यात काय आहे एवढे कळावे, ही मागणी फार मोठी नाही. येत्या पाडव्याला गाठीची माळ मुलाच्या गळ्यात घालण्यापूर्वी शाखाशाखांनी हे काम हाती घ्यावे.